खोटी सुई

बाबांचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो, आणि तो पायापासून सुरू होतो. डाव्या पायाची बोटं आत वळतात, अंगठा मात्र ताठ उभा राहतो, आणि पोटरीत असा गोळा येतो की ते उशीचं टोक दातात धरतात. आई उठते, पाय मांडीवर घेते, एकेक बोट सरळ करत बसते. सहाची गोळी पोटात जाऊन अर्धा-पाऊण तास झाला की पाय आपसूक सुटतो. मी सांगलीला गेले की हे बघते. पुण्यात असले आणि पहाटे जाग आली की नुसतंच आठवतं.

पार्किन्सन्स, म्हणजे आपला कंपवात, म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर थरथरणारा हात येतो. १८१७ साली लंडनमध्ये जेम्स पार्किन्सनने या आजारावर निबंध लिहिला, त्याच्या नावातही थरथरच होती. दुखणं कुणाला दिसत नाही. बाबांचा खांदा निदानाच्या दोन वर्षं आधीपासून दुखत होता आणि आम्ही तो शेकत होतो. मेंदूतल्या ज्या पेशी डोपामिन तयार करतात, त्या या आजारात मरत जातात. लेव्होडोपाची गोळी मेंदूत जाऊन डोपामिन होते आणि काही तास भागवते. रात्री गोळी नसते, पहाटेपर्यंत साठा आटतो. बाबांचा पाय म्हणजे साठा संपल्याची घंटा.

गेल्या पावसाळ्यात आईने कुणाच्या तरी सांगण्यावरून ॲक्युपंक्चरवाल्या मॅडम गाठल्या. आठवड्यातून दोनदा, दर वेळी पाचशे रुपये. मॅडम शांत आहेत, घाई करत नाहीत, बाबांचं बोलणं अडखळलं तर वाक्य पुरं व्हायची वाट बघतात. (आमच्या घरात हे एकालाही जमत नाही.) त्यांच्या खोलीत डॉ. कोटणीसांचा फोटो आहे. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. ते सर्जन होते, सुयांशी त्यांचा संबंध नव्हता. चीनमधून ॲक्युपंक्चर शिकून ते भारतात आणलं त्यांच्याच पथकातल्या डॉ. बसूंनी, बऱ्याच वर्षांनंतर. पण बाबांना तो फोटो आवडतो. सहा आठवड्यांत पहाटेचं दुखणं निम्म्यावर आलं, असं ते स्वतः म्हणाले. आई एकदा साडेपाचपर्यंत झोपली, ही आमच्या घरातली बातमी होती.

मी स्वस्थ बसायला हवं होतं. पण मी सॉफ्टवेअरवाली. काही नीट चालायला लागलं की ते का चालतंय हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही. मी शोधनिबंध वाचायला लागले.

पार्किन्सन्समधल्या दुखण्यावर ॲक्युपंक्चरचे जे अभ्यास सापडले, ते बहुतेक लहान. थकव्यावरचा एक बरा होता: कोलोराडोमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेला, ९४ रुग्णांचा. अर्ध्यांना खरं ॲक्युपंक्चर, अर्ध्यांना खोटं. दोन्ही गटांचा थकवा कमी झाला, आणि दोघांत फरक निघाला नाही. खोटं म्हणजे काय, तर जर्मनीत १९९८ साली एक सुई निघाली, तिचं टोक बोथट असतं आणि दाबली की ती नाटकातल्या सुरीसारखी मुठीत मागे सरकते. रुग्णाला टोचल्यासारखं वाटतं. दुसरा प्रकार म्हणजे खरीच सुई, पण भलत्या जागी आणि वरवर. जर्मनीतच कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर असा प्रयोग झाला, तो २००७ साली छापून आला. सहा महिन्यांनी खऱ्या सुयांच्या गटात ४७.६ टक्के लोकांना चांगला उतार, खोट्यांच्या गटात ४४.२, आणि नेहमीच्या औषध-व्यायामाच्या गटात २७.४. पुढे २०१८ साली वीस हजारांवर रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा खऱ्या-खोट्यात फरक सापडला, पण छोटा. सुया न टोचण्याशी तुलना केली की फरक बराच मोठा.

म्हणजे बाबांना बरं वाटतंय त्यातलं बरंचसं श्रेय सुईचं नसून तिच्याभोवतीच्या सगळ्याचं असावं: शांत खोली, वाट बघणाऱ्या मॅडम, कोटणीसांचा फोटो, कदाचित पाचशे रुपयेसुद्धा. पैशांचं मी गमतीने म्हणत नाही. सिनसिनाटीत पार्किन्सन्सच्या बारा रुग्णांना दोन इंजेक्शनं दिली, एक डोसला शंभर डॉलरचं आणि दुसरं दीड हजाराचं म्हणून. दोन्हींत मिठाचं पाणी होतं. महागड्या पाण्याने हालचाल जास्त सुधारली.

इथवर प्रश्न सोपा वाटत होता. मन रमतं म्हणून दुखणं विसरतं, एवढंच. मग व्हँकुव्हरचा २००१चा निबंध हाती लागला. तिथे पार्किन्सन्सच्या रुग्णांना खोटं इंजेक्शन देऊन मेंदूचे पेट स्कॅन काढले, आणि दिसलं की औषध मिळणार या अपेक्षेनेच त्यांच्या मेंदूत डोपामिन सुटत होतं. खरोखरचं डोपामिन, जे या आजारात कमी पडतं तेच. इतर आजारांत विश्वास औषधाच्या बाजूला उभा राहत असेल. इथे तो थोडा वेळ औषधच होतो.

हे वाचल्यावर लॅपटॉप मिटला. मला जे कळलं होतं ते बाबांना सांगणं म्हणजे त्यांच्या डोक्यातून काही मिलिग्रॅम काढून घेण्यासारखं होऊ शकत होतं. आणि न सांगणं म्हणजे महिन्याला चार हजार रुपये आणि त्यांचा भाबडेपणा यांच्यावर मी झाकण ठेवून बसायचं.

मला न सांगण्याची सवय आहे, हेही कबूल करते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आम्ही एक कर्जपात्रतेचं पान बनवलं. उत्तर क्षणात यायचं, आणि लोकांचा त्यावर विश्वास बसेना. मग मी त्यात दोन सेकंदांचं फिरणारं चाक टाकलं. आत काहीच चालत नव्हतं, नुसतं थांबणं. तक्रारी बंद झाल्या. मला तेव्हा अपराधी वाटलं नाही, अजूनही फारसं वाटत नाही. उत्तर बरोबरच होतं, चाकाने फक्त ते पटवलं. पण चाकापुढचा माणूस मला माहीत नव्हता. बाबा आयुष्यभर वीज मंडळात मीटर टेस्टिंगला होते. खोटा फिरणारा मीटर शोधणं हीच त्यांची नोकरी. मी जे करत होते ते त्यांना करताना सापडलं असतं, तर त्यांनी सील ठोकलं असतं.

मैत्रीण म्हणाली, कुणाचं दुखणं कमी होतंय तर सत्य कशाला मध्ये आणतेस? मला हे जवळजवळ पटलं होतं. मग ऑक्टोबरमध्ये न्यूरॉलॉजिस्टकडे त्यांच्याबरोबर गेले. डॉक्टरांनी विचारलं, दुखतं का? बाबा म्हणाले, "आता बरंच कमी आहे." डॉक्टरांनी तोच डोस चालू ठेवला. घरी येताना रिक्षात लक्षात आलं की बोटं तर अजूनही वळतात. दुखणं सोसवतंय, पण घंटा वाजतेच आहे, आणि ती आता डॉक्टरांपर्यंत पोचत नाही. गप्प राहणं फुकट नव्हतं.

शिवाय दुसरी गोष्ट खुपत होती. महिनाभर मी त्यांच्याबद्दल असा विचार करत होते, जसा आपण सिस्टीमबद्दल करतो: अमुक माहिती दिली तर काय होईल, दाबून ठेवली तर काय. हार्वर्डच्या टेड कॅप्चक यांनी २०१० साली आतड्याच्या विकाराच्या रुग्णांना उघड सांगून खोट्या गोळ्या दिल्या, बाटलीवर तसं लिहून, तरी त्यांना बरं वाटलं. तो आजार वेगळा, त्यावरून पार्किन्सन्सचं काही सिद्ध होत नाही. पण खरं सांगितलं की सगळं कोसळेलच, हे मी धरून चालले होते, आणि ते धरून चालणं मला सोयीचं होतं. ठरवणं माझ्याकडे राहत होतं.

दिवाळीत सांगितलं. पाडव्याच्या दुपारी, आई आत असताना. आकडे सांगितले, मागे सरकणारी सुई सांगितली, स्कॅनही सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. या आजारात चेहरा हलत नाही, त्यामुळे मला काहीच वाचता येईना.

"भलत्या जागी टोचली, पण टोचली ना?" ते म्हणाले.

"कंबरेच्या प्रयोगात हो."

"मग तो नो-लोड नाही. थोडा लोड आहेच त्याच्यात. तुलना चुकली."

मी म्हटलं, ही शंका शास्त्रज्ञांनीही काढली आहे. त्यावर जरा खूश झाल्यासारखे वाटले. मग विचारलं, "मॅडमना माहीत आहे हे?"

"मी विचारलेलं नाही."

"नको विचारूस." थोड्या वेळाने, "तू कधीपासून वाचतेस हे?"

"सप्टेंबर."

"आणि आत्ता सांगतेस."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते उठले, भिंत धरत आत गेले. संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

त्या आठवड्यात पाय दोनदा फार दुखला. आईने फोनवर सांगितलं, आणि मी तिला विचारू शकले नाही की तो मंगळवारच्या आधी का नंतर. थंडी पडायला लागली होती, हेही खरं. डिसेंबरात बाबांनी स्वतःच डॉक्टरांना पहाटेच्या बोटांचं सांगितलं. वही घेऊन गेले होते. मीटर रीडिंगसारखे रकाने: तारीख, वेळ, किती मिनिटं, दहापैकी किती. डॉक्टरांनी झोपताना घ्यायची, हळूहळू विरघळणारी लेव्होडोपाची गोळी वाढवून दिली. सुयाही चालू आहेत, आता आठवड्यातून एकदा.

वहीतले आकडे उतरले आहेत. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्यावर कशाने उतरले ते सांगता येत नाही, हे त्यांनी मला वर शिकवलंही. संक्रांतीला घरी गेले तेव्हा वही टेबलावर होती. पाडव्याच्या पुढच्या आठवड्याचं पान मी उघडलं नाही.