त्या क्षणी गाठ आठवली होती



गेल्या महिन्यात आम्ही नांदेडहून एसटीने लातूरला गेलो होतो. लोहा, अहमदपूर, चाकूर करीत गाडी पोहोचेपर्यंत दुपार झाली. ज्यांच्याकडे गेलो त्या भगिनी आपल्या धर्मग्रामातील नाहीत. विनाअनुदानित शाळेत शिकवतात, वय पंचेचाळिशीच्या पुढे, घरात पती, सासूबाई आणि दोन शिकणारी मुले. त्यांना स्तनाचा कर्करोग झाला आहे. त्यांनी आम्हाला जे सांगितले ते पापनिवेदनात सांगितलेले नाही, नाहीतर त्यातले एक अक्षरही येथे आले नसते. चहा पिता पिता, पतीसमोर सांगितले. नंतर 'लिहा फादर, दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडेल' असेही म्हणाल्या. ओळख पटेल असे तपशील आम्ही तरीही बदलले आहेत.

गोष्ट अशी. 2015 मध्ये त्यांच्या डाव्या स्तनात एक गाठ लागली होती. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, सुईने तपासणी केली आणि ही साधी गाठ आहे, भिण्याचे कारण नाही, असे सांगितले. 2018 मध्ये ओळखीचा एजंट घरी आला. गंभीर आजाराची पाच लाखांची पॉलिसी त्याने समजावून सांगितली आणि इंग्रजी फॉर्म स्वतःच भरायला घेतला. 'काही मोठं दुखणं वगैरे नाही ना, बाई?' असे त्याने विचारले. बाई 'नाही' म्हणाल्या. त्याने सगळीकडे 'नाही'वर खुणा केल्या, बाईंनी सही केली. पुढे हप्ते कधी चुकले नाहीत. 2025 मध्ये त्याच बाजूला दुसरी गाठ लागली आणि बायोप्सीत कर्करोग निघाला.

आता क्लेमचे कागद पुढे आहेत. बाईंनी विचारले, "फादर, मी हे पैसे मागू का?"

आम्ही न थांबता म्हणालो, "मागा की! सात वर्षे हप्ते भरलेत." त्यांनी मान हलवली. आमचे उत्तर त्यांच्या प्रश्नाचे नव्हतेच. मग हळूच म्हणाल्या, "एजंटाने विचारलं ना, त्या क्षणी मला गाठ आठवली होती."

हे वाक्य ऐकल्यावर आम्हाला पुढचा चहा गोड लागला नाही.

आधी एक शंका बाजूला ठेवू, कारण ती सासूबाईंनी मांडली आणि आपल्यातही पुष्कळांच्या मनात असते. दुखणे देवाने दिले, त्याचे पैसे कसले घ्यायचे? विम्याकडे ख्रिस्तसभेनेही एकेकाळी संशयाने पाहिले. समुद्रापारच्या व्यापाराला कर्ज देऊन जोखमीपोटी जादा रक्कम घेणे म्हणजे व्याजखोरीच, असा निर्णय तेराव्या शतकात पोप नववे ग्रेगरी यांच्या काळात झाला होता. पुढच्या शतकांत धर्मपंडितांनी कर्ज आणि विमा यांतला फरक ओळखला. दुसऱ्याची जोखीम अंगावर घेणे हेही एक काम आहे आणि त्याचा मोबदला घेता येतो, हे मान्य झाले. गावातली भिशी आणि बचत गट कोणाला अधर्म वाटत नाहीत. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा, 30 सप्टेंबर 1993 नंतर, साऱ्या महाराष्ट्राने लातूर-धाराशिवसाठी हात पुढे केला. विमा म्हणजे तो हात आधीच लिहून ठेवणे. सासूबाईंना आम्ही एवढेच सांगितले, आणि त्या आत निघून गेल्या. पटले की नाही, कळले नाही.

दुसरी शंका पतीची होती. राज्य सरकारच्या योजनेतून उपचार विनामूल्य होत असतील तर या पैशांची गरजच काय? हा प्रश्न रास्त आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2012 मध्ये पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला नांदेड होता. आज तीच महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे आणि तिची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर गेली आहे. पण योजना रुग्णालयाचे बिल भरते. विनाअनुदानित शाळा रजेचा पगार देत नाही, केमोच्या दिवशी घरचा स्वयंपाक कोणी करून देत नाही, आणि तपासण्यांसाठी बार्शीला नाहीतर मुंबईला परळला जायचे तर सोबतच्या माणसाचाही रोज बुडतो.

गंभीर आजाराचा विमा जन्मला तो याच कारणाने. डॉ. मारियस बर्नार्ड हे दक्षिण आफ्रिकेतले हृदयशल्यविशारद. 1967 मध्ये मानवी हृदयाचे पहिले प्रत्यारोपण करणाऱ्या डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांचे ते धाकटे भाऊ आणि त्या पथकातले सहकारी. मुले एकटीने वाढवणाऱ्या एका बाईंची त्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया केली होती. काही काळाने त्या परत आल्या त्या पार खंगलेल्या, कारण विश्रांती घेणे त्यांना परवडले नव्हते. पोटासाठी त्या कामावर जात राहिल्या होत्या. आपण जीव वाचवला पण जगण्याची सोय केली नाही, हे डॉक्टरांना लागले. 1983 मध्ये त्यांनी एका विमा कंपनीला हाताशी धरून नवी पॉलिसी काढली. रोगाचे निदान झाले की ठरलेली रक्कम एकदम द्यायची, बिले मागायची नाहीत, खर्च कशावर केला ते विचारायचे नाही. आयुर्विमा माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांना पैसे देतो. हा विमा जो जगणार आहे त्याच्या हाती पैसे देतो. म्हणून बाईंचे पाच लाख ही चैन नव्हे. एवढे पतीलाही पटले.

आता मूळ गाठीकडे येऊ.

कायदा काय म्हणतो ते सांगणे सोपे आहे. विम्याचा करार परम विश्वासाचा असतो. विचारलेल्या गोष्टींत महत्त्वाचे काही लपवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सांगितले आणि पुढेही सांगितले आहे. फॉर्म एजंटाने भरला, आम्ही फक्त सही केली, ही सबब 2019 च्या एका निकालात न्यायालयाने ऐकली नाही. पण याच कायद्याला दुसरी बाजू आहे. आरोग्यविम्यात सलग साठ महिने पॉलिसी चालू राहिली, तर माहिती दिली नाही या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक तेवढी अपवाद. 2024 पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. बाईंची पॉलिसी सात वर्षांची आहे. म्हणजे पैसे मिळतील का, हा प्रश्न बराचसा मिटला. घ्यावेत का, एवढाच उरला. आणि तोच धर्मगुरूला विचारण्याजोगा होता.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला सिसेरोचा एक पेच घालीत असत. रोड्झ बेटावर दुष्काळ आहे. एक व्यापारी धान्याचे जहाज घेऊन पोहोचतो. मागून धान्याची आणखी जहाजे येत आहेत हे त्याने डोळ्यांनी पाहिले आहे. गिऱ्हाइकांना ते सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने विकावे? एक तत्त्ववेत्ता म्हणतो, सगळे सांगितलेच पाहिजे. दुसरा म्हणतो, कायदा सांगायला लावतो तेवढे सांगितले की पुरे, गप्प राहणे म्हणजे लपवणे नव्हे. सिसेरो स्वतः पहिल्याच्या बाजूला झुकतो. समोरच्याला जे कळणे त्याच्या हिताचे आहे ते आपल्या फायद्यासाठी त्याच्यापासून दडवणे, याला तो लपवणेच म्हणतो. गंमत अशी की 1766 मध्ये इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी विम्याचा पायाभूत निकाल दिला तेव्हा सिसेरोचा हाच भेद उचलला होता. वर्गात बसून आम्ही या जहाजावर तासन्‌तास वाद घातले. लातूरच्या त्या खोलीत ते जहाज खरोखर येऊन लागेल असे तेव्हा वाटले नव्हते.

बाई गप्प राहिल्या की त्यांनी लपवले? आमचे प्रामाणिक मत असे की थोडे लपवले. 'मोठं दुखणं' असा प्रश्न होता, डॉक्टरांनी गाठ साधी म्हटले होते, आणि अशी गाठ सहसा कर्करोगात बदलत नाही. त्यामुळे 'नाही' हे उत्तर उघड खोटे नव्हते. पण आठवले आणि गिळले, एवढे खरे. सगळा दोष एजंटावर टाकण्याची वाट त्यांना मोकळी होती. त्या वाटेने त्या गेल्या नाहीत.

आणि कोणापासून लपवले? पती म्हणाले, "कंपनीचं काय जातंय, फादर!" आपण सगळेच असे बोलतो. पण विम्याची पेटी भरते ती हप्त्यांनी. अहमदपूरला अशीच एखादी बाई असेल. तिने फॉर्मवर आपली गाठ लिहिली असेल, आणि तिला हप्ता वाढवून मिळाला असेल किंवा पॉलिसीच मिळाली नसेल. खरे बोलण्याची किंमत तिने भरली. बाईंचे मौन तिच्यासमोर उभे राहते, कंपनीच्या काचेच्या इमारतीसमोर नव्हे.

मग पैसे मागू नयेत का? आम्हाला तसे वाटत नाही. साठ महिन्यांचा नियम ही कायद्यातली फट नव्हे. माणसे विसरतात, घाबरतात, इंग्रजी फॉर्मवर सही करतात, हे ओळखून तो केलेला आहे, आणि कंपन्या तो धरूनच हप्ते ठरवतात. त्या नियमाचा आधार घेणे ही चोरी नाही. मात्र क्लेमच्या कागदांतही प्रश्न असतात. पहिले लक्षण केव्हा दिसले, पूर्वी कधी काही तपासणी झाली होती का. जुने मौन कायद्याने मागे टाकले आहे. या कागदावर पुन्हा 'नाही' लिहिले तर ते नवे असत्य होईल, आणि आता ते एजंटाच्या नव्हे, बाईंच्या हाताचे असेल. म्हणून आम्ही म्हणालो, क्लेम करा आणि 2015 चा रिपोर्ट सोबत जोडा.

पती चिडले. "स्वतःच्या पायावर धोंडा कशाला?" त्यांच्या रागापुढे आम्हाला बोलता आले नाही. हा सल्ला देणे आम्हाला स्वस्तात पडते. आमच्या अंगात केमो चालू नाही, आणि आम्ही आजारी पडलो तर धर्मप्रांत पाहील.

याच बोलण्यात आणखी एक गोष्ट निघाली आणि ती आमच्या मनातून जात नाही. बाईंच्या धाकट्या बहिणीलाही गाठ जाणवते आहे. ती म्हणते, आधी पॉलिसी काढते, मग दाखवते. रिपोर्टच नसेल तर लपवण्यासारखे काही राहणार नाही! संत थॉमस अक्विनस यांनी असल्या अज्ञानाचा वेगळा विचार केला आहे. जे आपण मुद्दाम पांघरून घेतो ते अज्ञान दोष कमी करीत नाही. पण येथे दोषाआधी जिवाचा प्रश्न आहे. बहुतेक पॉलिसींत पहिले नव्वद दिवस प्रतीक्षा काळ असतो, म्हणजे ही बहीण किमान तीन महिने गाठ घेऊन गप्प बसणार. मुंबईत टाटा रुग्णालयाने वीस वर्षे चालवलेला एक अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. दीड लाखाहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. ज्यांची तपासणी शिकवून तयार केलेल्या महिला कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातांनी केली, त्यांचा रोग लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाले. यंत्र नाही, हात. आणि येथे फॉर्मच्या भीतीने बाई हातही लावू देत नाही.

विम्याचाही यात दोष आहे, आणि तो आम्ही झाकणार नाही. गंभीर आजाराच्या ठरावीक व्याख्येत कर्करोग आसपासच्या पेशींत घुसलेला असावा लागतो. दुधाच्या नळीतच थांबलेला, अगदी सुरुवातीचा रोग त्यातून वगळलेला आहे. म्हणजे जी लवकर गेली तिला पुष्कळदा काही मिळत नाही आणि जी उशिरा गेली तिला पूर्ण रक्कम मिळते. हिशेबाच्या दृष्टीने कंपनीचे बरोबर असेल, कारण लहान रोगाला लहान खर्च. आयुर्विमा महामंडळाने 2017 मध्ये आणलेल्या कर्करोगाच्या पॉलिसीत सुरुवातीच्या टप्प्याला पंचवीस टक्के रक्कम ठेवली होती. तसे करता येते, एवढे त्यावरून दिसते. आम्हाला विचाराल तर तेही कमीच आहे.

बहिणीला आम्ही फोन केला. तिने तो उचलला आणि 'बघते फादर' म्हणाली. आपल्या महिला मंडळाच्या भगिनींनी तिला घेऊन दवाखान्यात जाण्याचे ठरवले आहे.

बाईंनी कागद पाठवले. रिपोर्ट जोडला, आणि वर शाळेच्या सुवाच्य अक्षरात मराठीतून अर्ध्या पानाचे पत्र लिहिले. कंपनीने नाकारले तर आधी तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे आणि तेथे दाद लागली नाही, किंवा महिनाभर उत्तरच आले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येते. तेथे फी नाही, वकील लागत नाही. हे आम्ही पतीला लिहून दिले आहे. त्यांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली, बोलले नाहीत.

हे लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही. पण पैसे येण्याआधीच त्यांना पाय फुटले आहेत. दिरांच्या मनात विहिरीचे काम आहे, थोरल्याच्या प्रवेशाचे घाटते आहे. परवा बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "फादर, एक विचारू? आले तर त्यातले थोडे मी नुसती झोपून राहण्यासाठी ठेवले तर चालतील का? घरी एक बाई कामाला लावून?"

यावेळी आम्ही न थांबता उत्तर दिले ते बरोबर होते असे वाटते.