जड तलवारीचं गणित

कॅपकॉम या जपानी कंपनीचा 'मॉन्स्टर हंटर' हा व्हिडिओ गेम २००४ साली पहिल्यांदा आला. त्याच्या आजच्या भागांत शस्त्रांचे १४ प्रकार आहेत. नवखा खेळाडू बहुधा चपळ शस्त्र उचलतो, आणि त्यात गैर काही नाही. ग्रेट स्वोर्ड ही जड तलवार घेणाऱ्याला मात्र सुरुवातीला हमखास पस्तावा होतो. पातं जवळजवळ शिकाऱ्याच्या उंचीचं. ते पाठीवरून उपसलं की चाल मंदावते. एकदा घाव सुटला की तो मागे घेता येत नाही, आणि तो हुकला तर उघड्यावर उभं राहून मार खायचा.

मग माणूस ही तलवार घेतो कशाला? एका घावात भरपूर इजा होते, हे सरळ उत्तर झालं. बटण दाबून धरलं की घावाचा जोर तीन टप्प्यांत चढतो. गंमत अशी की तिसऱ्या टप्प्यापुढेही दाबून धरलं तर तो उतरतो. म्हणजे घाई केली तरी नुकसान आणि रेंगाळलं तरी नुकसान. शिवाय एवढ्या वेळात समोरचं जनावर जागेवर थोडंच थांबतं? म्हणून डोकं आत्ता जिथे आहे तिथे तलवार रोखून उपयोग नसतो. घाव खाली येईल त्या क्षणी ते जिथे असेल, ती जागा आधी हेरावी लागते.

इथे खेळाडूची नजर स्वतःच्या हातावरून उठून जनावरावर जाते. चपळ शस्त्रवाल्याला अंदाज चुकला तरी सावरायला वाव असतो. जड तलवारवाल्याला तो जवळजवळ नसतोच. टायग्रेक्स नावाचा प्राणी धावत येतो, वळतो, पुन्हा धावतो, आणि अखेर क्षणभर अडखळतो. डायाब्लोस जमिनीत शिरतो आणि शिंगं रोखून अंगावर येतो. या सवयी पाठ होईपर्यंत तलवार निव्वळ ओझं असते. जनावराचा जीव किती उरला हे दाखवणारी पट्टीही पडद्यावर नसते. ते लंगडायला लागलं की जीव थोडा उरला, तोंडातून लाळ गळू लागली की ते दमलं, असं ओळखायचं.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे या खेळात शिकारी स्वतः बलवान होत नाही. इतर अनेक खेळांत मारामारी करत राहिलं की पात्राची पातळी आपोआप वाढते. इथे चिलखत आणि तलवार सुधारते, तीही मारलेल्या जनावरांच्या कातडी-हाडांतून. बाकीची सगळी वाढ खेळणाऱ्याच्या अंगी मुरते. जुना खेळाडू नवं पात्र घेऊन कोऱ्या तलवारीनिशी उतरला, तरी त्याचं कसब त्याच्यासोबत येतं. आकडे वाढवून कौतुक करणाऱ्या खेळांच्या बाजारात मला हा प्रामाणिकपणा वाटतो.

अर्थात, या संयमाचे फार गोडवे गायला नकोत. घायाळ जनावर पळून आपल्या बिळात झोपतं. झोपलेल्यावर पडणारा पहिला घाव अधिक लागतो, आणि त्या कामी ग्रेट स्वोर्डच सर्वांत सोयीची मानली जाते. ज्याच्या सवयी इतक्या बारकाईने अभ्यासल्या, त्याच्याच उशाशी तलवार उगारून उभं राहायचं! शूरपणाशी याचा संबंध नाही, हा हिशोब आहे. खेळ तो लपवत नाही, एवढं त्याच्या बाजूने म्हणता येईल.

२०२५च्या 'वाइल्ड्स' या भागात दोन शस्त्रं सोबत नेता येतात, आणि फोकस मोडमुळे घाव उगारलेला असतानाही दिशा बदलता येते. नवशिक्यांची सोय झाली, पण तलवारीचं वजन काहीसं उतरलं असं माझं मत आहे. तरीही ती शिकायची असेल तर एक करून पाहा. शिकारीला बहुतेक वेळा ५० मिनिटांची मुदत असते. त्यातली पहिली पाच मिनिटं तलवार पाठीवरच राहू द्या. नुसतं चुकवत फिरा आणि जनावर कुठे थांबतं ते बघा.