यंत्राला पाप लागतं का?

महादेवपुरा म्हटलं की पुण्या-नागपुरातल्या घरांना दोनच गोष्टी आठवतात, भाच्याचं पॅकेज आणि तिथलं ट्रॅफिक. बंगळुरूच्या पूर्वेची ही तळ्याकाठची खेडी बघता बघता शहरात विरघळली. 1998 मध्ये आयटीपीएल हे टेक पार्क आलं, 2000 मध्ये जनरल इलेक्ट्रिकचं जॉन एफ. वेल्च संशोधन केंद्र उघडलं, 2001 मध्ये त्याच औद्योगिक पट्ट्यात सत्य साईंचं मोफत उपचारांचं रुग्णालय सुरू झालं. बागमाने कॉन्स्टेलेशनमध्ये सॅमसंगचे इंजिनिअर फोनवर काम करतात आणि थोडं पुढे कडुगोडीला विप्रो-जीई हेल्थकेअर आहे. या कंपनीची सोनोग्राफी यंत्रं बंगळुरूतच बनतात. खिशातला आणि पोटातलं दाखवणारा असे दोन्ही पडदे एकाच पिनकोडाच्या आसपास घडावेत, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे.

अशा ठिकाणी जेवणाच्या सुट्टीत जनुकांचा विषय निघाला की वाद एका ठरलेल्या वाक्यावर येऊन थांबतो. तंत्रज्ञान तटस्थ असतं, वापरणारा चांगला किंवा वाईट असतो. सुरीने भाजीही चिरता येते आणि गळाही. वाक्य ऐकायला बिनतोड आहे. पण महाराष्ट्राने हेच वाक्य गेली चाळीस वर्षं एका यंत्रावर तपासून पाहिलं आहे आणि ते तितकंसं टिकलेलं नाही.

त्या यंत्राचा जन्म तर फारच सात्त्विक. ग्लासगोचे डॉक्टर इयन डोनाल्ड यांनी 1955 मध्ये बॉयलर बनवणाऱ्या एका कारखान्यातलं, लोखंडातल्या भेगा शोधणारं ध्वनिलहरींचं उपकरण शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठींवर चालवून पाहिलं. तीन वर्षांनी, 1958 मध्ये, त्यांचा आणि सहकाऱ्यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला आणि प्रसूतिशास्त्राला डोळे फुटले. डोनाल्ड धार्मिक ख्रिस्ती होते, गर्भपाताचे कडवे विरोधक. पोटातलं बाळ पडद्यावर दिसलं की आईचं मन वळेल, अशी त्यांची श्रद्धा. पुढे भारतात त्याच पडद्यासमोर बसून काय ठरवलं गेलं, ते सर्वांना ठाऊक आहे. हेतू इतका शुद्ध आणि परिणाम इतका उलटा, असं दुसरं उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

गर्भाचं लिंग सांगणाऱ्या गर्भजल तपासणीच्या जाहिराती ऐंशीच्या दशकात उघड लागत. आज थोडे खर्चा, उद्या हुंड्याचे वाचवा, अशा अर्थाच्या. मुंबईत कार्यकर्त्यांनी मंच उभारला, मोर्चे काढले आणि 1988 मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला लिंगनिदानविरोधी कायदा केला. केंद्राचा कायदा 1994 चा. तरीही शून्य ते सहा वयोगटात राज्यात हजार मुलांमागे मुली 2001 मध्ये 913 होत्या, त्या 2011 मध्ये 894 झाल्या. बीड जिल्ह्यात तर 807. माणसाला शिक्षा करणारा कायदा होता, यंत्रं मात्र गल्लोगल्ली पोचत होती.

मग पाप कोणाचं? सासूचं, नवऱ्याचं, डॉक्टरचं, की ज्याने यंत्र विकलं त्याचंही?

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. मज्झिम निकायातल्या उपालि सुत्तात गृहस्थ उपाली आणि बुद्ध यांचा वाद रंगतो तो यावरच. निर्ग्रंथ म्हणजे जैन श्रमण म्हणतात, शरीराने घडलेली कृती सर्वांत मोठा दोष. बुद्ध म्हणतात, मनाची चेतना हेच खरं कर्म. बौद्ध ग्रंथ असल्यामुळे उपाली अखेर बुद्धाला शरण जातो, हे ओघानंच आलं. पण जैनांनीही उत्तर उधार ठेवलं नाही. सूत्रकृतांगात त्यांनी बौद्ध मताची खिल्ली उडवली आहे. भोपळा समजून कोणी बाळ भाजलं तर तुमच्या मते त्याला दोष नाही, असंच ना?

ही भोपळ्याची थट्टा अंगावर येते आणि आजच्या कारखान्याला ती नेमकी लागू पडते. प्रोब जोडणाऱ्या, त्याचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या, तिमाहीचं विक्रीचं टार्गेट गाठणाऱ्या माणसासमोर बाळ नसतंच. त्याच्यासमोर असतो रवाना झालेल्या यंत्रांचा आकडा. त्याची चेतना निर्मळ आहे, बुद्धाच्या कसोटीवर तो सुटतो. जैनांच्या कसोटीवर सुटत नाही, कारण तिथे दोषाच्या तीन वाटा आहेत. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि मान डोलावून मान्य केलेलं. कृत, कारित, अनुमोदित. मनुस्मृतीतही मांसाच्या बाबतीत मारणाऱ्यापासून अनुमती देणाऱ्या, विकणाऱ्या, शिजवणाऱ्या आणि वाढणाऱ्यापर्यंत आठ जणांना एकाच पंगतीत बसवलं आहे. बुद्धानेही उपासकाला शस्त्र, विष, मद्य यांचा व्यापार वर्ज्य सांगितलाच होता. विकणाऱ्याचं मन कितीही स्वच्छ असलं तरी माल कुठे जाणार हे त्याला कळतं, एवढं त्यांनाही मान्य असावं.

संसदेने धर्मग्रंथ चाळले नसतील, पण 2003 च्या दुरुस्तीत ती जैनांच्या बाजूला झुकली. गर्भलिंगनिदान कायद्यात कलम 3ब आलं. नोंदणी नसलेल्या केंद्राला किंवा डॉक्टरला सोनोग्राफी यंत्र विकणं, भाड्याने देणं, वापरू देणं, सगळंच गुन्हा. नियमांनी बनवणाऱ्यावर आणखी एक ओझं टाकलं. यंत्र कोणाकोणाला विकलं त्याची यादी दर तीन महिन्यांनी सरकारला द्यायची. कडुगोडीच्या विक्री विभागाला तेव्हापासून 'आम्ही फक्त यंत्र बनवतो' असं म्हणण्याची सोय कायद्याने ठेवलेली नाही.

कोल्हापूर त्याच्याही पुढे गेलं. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख, म्हणजे पुढे 2018 च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले लेखक, यांनी सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाची डबी जोडायला लावली. पडद्यावर डॉक्टरला जे दिसतं ते ती मुकाट्याने नोंदवून ठेवते. चित्रगुप्ताची वही थेट यंत्रालाच बांधल्यासारखं. जिल्ह्यात 2001 मध्ये हजार मुलांमागे 839 च मुली उरल्या होत्या, तेव्हा ही सक्ती समजण्यासारखी होती. रेडिओलॉजिस्टांची संघटना न्यायालयात गेली. रुग्णाच्या खासगीपणाचा भंग होतो, हा त्यांचा मुद्दा. ऑगस्ट 2011 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली.

डॉक्टरांची तक्रार मात्र उडवून लावण्यासारखी नाही. दर गरोदर बाईमागे 'फॉर्म एफ' भरायचा. नाव, पत्ता, आधीची अपत्ये मुलगे किती मुली किती, तपासणी कशासाठी, तिची सही. यातला रकाना चुकला किंवा रिकामा राहिला तर उलट सिद्ध होईपर्यंत तो गुन्हाच मानला जातो. कारकुनी चुकीसाठी मशीनला सील लागतं, अशी ओरड घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांची देशव्यापी संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. मे 2019 मध्ये न्यायालयाने ती मागणी नाकारली. कारण साधं होतं. लिंगनिदान बंद दाराआड, दोघांच्या संमतीने होतं, तक्रार करायला कोणी उरत नाही, मागे राहतो तो फक्त कागद. दुसरी किंमत आणखी जड आहे. हातात मावणारं यंत्र रुग्णवाहिकेत, अपघातस्थळी, गावच्या आरोग्य केंद्रात जीव वाचवू शकतं. त्याच्यावरही याच कायद्याची बंधनं आहेत. म्हणजे दोषाची वाटणी यंत्रापर्यंत नेली की निरपराध रुग्णही थोडा भरडला जातो. हे मान्य करूनही कायद्याची बाजू घ्यावी लागते, कारण हजारात शंभर-दीडशे मुली कमी होण्यासमोर ती किंमत लहान आहे.

यंत्रानंतर पाळी आली शोधयंत्राची. डॉ. साबू जॉर्ज यांची याचिका 2008 ची. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या शोधात लिंगनिदानाच्या जाहिराती दिसतात, हा आक्षेप. कंपन्यांचं म्हणणं कोणालाही तोंडपाठ सांगता येईल. आम्ही केवळ मध्यस्थ, मजकूर आमचा नाही. पण 2016 मध्ये त्यांना झुकावं लागलं. ठरावीक शब्द टाकले की जाहिरात आपोआप अडेल असं मान्य झालं आणि नोडल यंत्रणेने कळवल्यावर 36 तासांत मजकूर काढायचा असा आदेश निघाला. अखेरचा निकाल डिसेंबर 2017 चा, आणि त्यात ज्ञान मिळवण्याच्या हक्कावर गदा येऊ नये ही काळजीही न्यायालयाने घेतली. अनुमोदनाचा दोष सॉफ्टवेअरलाही लागतो, हे सांगणाऱ्या जगातल्या सुरुवातीच्या भांडणांत हे भांडण मोडतं. महादेवपुऱ्यात जाहिरातींचे अल्गोरिदम लिहिणाऱ्यांना ते अभ्यासक्रमात असायला हवं होतं.

आता यंत्रच नाहीसं होत चाललं आहे. डेनिस लो यांनी 1997 मध्ये दाखवून दिलं की गर्भाचा डीएनए आईच्या रक्तात तरंगत असतो. त्यावरून निघालेली रक्ताची तपासणी दहाव्या आठवड्यात गुणसूत्रांचे दोष सांगते. तीच गर्भाचं लिंगही सांगू शकते. भारतातल्या प्रयोगशाळा अहवालात ते छापत नाहीत. म्हणजे माहिती तयार होते आणि एका सॉफ्टवेअरच्या आज्ञेने झाकली जाते. सोनोग्राफीच्या खोलीला सील ठोकता येतं, रक्ताची कुपी कुरिअरने कुठेही जाते.

शिवाय जनुकांची माहिती एकट्याची नसते. थुंकीवरून वंश सांगणाऱ्या '23अँडमी' या अमेरिकी कंपनीचे सुमारे दीड कोटी ग्राहक होते. 2023 मध्ये त्यातल्या 69 लाख लोकांची माहिती चोरांच्या हाती लागली, मार्च 2025 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि थुंकीचा हा ठेवा लिलावाची वस्तू झाला. शेवटी तो संस्थापिकेच्याच एका ना-नफा संस्थेने घेतला, हे नशीब. 'मला मान्य आहे' या चौकोनात भावाने टिचकी मारली, तरी अर्धी जनुकं बहिणीचीही होती. तिला कोणी विचारलं नव्हतं. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा 2017 चा निकाल ज्यांच्या याचिकेवर आला, ते न्यायमूर्ती पुट्टस्वामी बंगळुरूचेच. पण त्या हक्काची कल्पना एका व्यक्तीभोवती आखलेली आहे, जनुकं मात्र घराण्याची असतात.

इतकं सगळं वाचून जनुकांत हात घालणंच पाप, असं कोणी म्हणत असेल तर त्याने गडचिरोली किंवा नंदुरबार गाठावं. तिथल्या आदिवासी गावांत सिकलसेल म्हणजे सांध्यांत उठणाऱ्या असह्य कळा, पुन्हा पुन्हा रक्त चढवणं आणि तरुणपणी येणारं मरण. आईबाप दोघे वाहक असले तर प्रत्येक खेपेला बाळ आजारी निघण्याची शक्यता चारात एक. जुलै 2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत सात कोटी लोकांची तपासणी करून त्यांना कार्ड देण्याचं ठरलं, म्हणजे लग्नाआधी पत्रिकेऐवजी कार्डं जुळवता येतील. जनुक कापून दुरुस्त करणारं 'कॅसजेव्ही' हे औषध ब्रिटन-अमेरिकेत 2023 च्या अखेरीला मंजूर झालं, किंमत 22 लाख डॉलर. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी संस्थेने स्वतःचं तंत्र उभं केलं, त्याला बिरसा मुंडांचं नाव देऊन 'बिरसा 101' म्हटलं आणि नोव्हेंबर 2025 मध्ये ते पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी करार करून पुढे सोपवलं. रुग्णाच्या स्वतःच्या रक्तपेशी, त्याच्या स्वतःच्या संमतीने बदलायच्या. पूर्वजन्मीचं प्रारब्ध म्हणून हे दुखणं भोगत राहा, असं सांगणारा धर्म त्या मुलांच्या अंथरुणापाशी कधी बसलेला नसतो.

हे जियानकुई याचं प्रकरण वेगळं होतं. या चिनी शास्त्रज्ञाने 2018 मध्ये भ्रूणांचीच जनुकं बदलली, जुळ्या मुली जन्माला आल्या, त्याला तीन वर्षांचा तुरुंगवास झाला. आधी बाजारात आणा, चुका पुढच्या आवृत्तीत सुधारू, ही ॲप बनवणाऱ्यांची रीत त्याने मुलींच्या बाबतीत वापरली. त्या मुलींना परत बोलावून दुरुस्त करायची सोय नाही आणि बदल त्यांच्या लेकरांतही उतरू शकतो.

मात्र बाजाराला भ्रूण कापायची गरजच उरलेली नाही, निवडलं तरी पुरतं. जून 2025 मध्ये 'न्यूक्लियस' या न्यूयॉर्कच्या कंपनीने 5,999 डॉलरमध्ये भ्रूणांची तुलना करून देणारी सेवा आणली. एका पडद्यावर भ्रूणांची रांग, समोर आजारांची शक्यता, आणि त्याच कोष्टकात उंची, डोळ्यांचा रंग, बुद्ध्यांक. भारतातल्या आयव्हीएफ केंद्राने असं काही केलं तर 2021 च्या कायद्यापुढे टिकणार नाही. भ्रूणाची तपासणी ठाऊक असलेल्या आनुवंशिक आजारापुरतीच, असं तो सांगतो. पण कोष्टक पाहायला केंद्रात जावं लागत नाही. माहितीची फाइल आणि एक क्रेडिट कार्ड एवढ्यावर काम भागतं. कलम 3ब लिंग ओळखणाऱ्या उपकरणाला धरतं, आणि 2016 मध्ये न्यायालयात ठरलेल्या अडवायच्या शब्दांचा विषयही लिंगापुरताच होता. उंची आणि बुद्ध्यांक हे शब्द त्या यादीत घालावेत असं तेव्हा कोणाला सुचण्याचं कारण नव्हतं.