शंभर दाण्यांचं पत्रक

केज तालुक्यात, धारूरच्या डोंगराकडं तोंड करून वसलेल्या एका गावात एक सासू आणि सून राहत होत्या. सासूचं अर्धं आयुष्य ऊसतोडीत गेलं. दसरा झाला की टोळीबरोबर निघायचं, फडात मोळ्या बांधायच्या आणि पाडव्याच्या आगेमागे घरी यायचं. या येण्याजाण्यात शाळा तिच्या वाट्याला आलीच नाही. सून बारावी झालेली, एमएस-सीआयटी केलेली, केजमधल्या एका झेरॉक्सच्या दुकानात कम्प्युटरवर बसणारी. सासूला ती आत्या म्हणायची.

२०२० च्या खरिपात मराठवाड्यातल्या कितीतरी शिवारांत सोयाबीन उगवलंच नाही. लोकांना दुबार पेरणी करावी लागली, बियाण्याचा खर्च दोनदा झाला. त्याचा चटका गावाच्या मनात राहिला होता. बचत गटातल्या बायकांनी ठरवलं की पेरणीच्या आधी प्रत्येक घरानं आपल्या बियाण्याची उगवण तपासायची. सोयाबीनचे वाण सरळ असतात, त्यामुळं घरचं बियाणं जपून ठेवलं तर तीन वर्षांपर्यंत वापरता येतं. पण या दाण्याचं टरफल फार नाजूक. मळणीयंत्र जोरात फिरलं, पोतं आदळलं, की आतला कोंब मरतो आणि वरून दाणा मात्र ठणठणीत दिसतो. डोळ्यांनी पारखून भागत नाही, उगवूनच पाहावं लागतं.

कृषी सहायकांनी एकदा गावात येऊन चाचणी करून दाखवली होती. तेव्हा ऊसतोडीची घरं परतलीच नव्हती. म्हणून गटातल्या बायका सुनेला म्हणाल्या, "तू कम्प्युटरवर असतीस ना, मग चित्रांचं एक पत्रक करून दे. बघून बघून करता आलं पाहिजे."

सुनेनं ते मनावर घेतलं. मोबाइलनं भराभर फोटो काढले आणि दुकान बंद व्हायच्या वेळेला लिब्रेऑफिस रायटरमध्ये काम सुरू केलं. पहिल्या पानावर उगवता सूर्य आणि बैलजोडी. प्रत्येक पानाला हिरवी नक्षीची चौकट, मथळे तीन रंगांत, अक्षरांना सावली. मजकूर असा: "प्रथमतः बियाण्याचा प्रातिनिधिक नमुना घेण्यात यावा." मधे एक ओळ वाढवली की पुढच्या पानांवरचे फोटो उड्या मारायचे, एखादा तर दुसऱ्याच मजकुराशेजारी जाऊन बसायचा. ती पुन्हा एकेक ओढून जागेवर आणायची. शेवटी नऊ पानं झाली. दुकानात ज्यानं पाहिलं त्यानं वाहवा केली.

संध्याकाळी तिनं ते आत्यापुढं ठेवलं आणि पान उलटत उलटत समजावून सांगितलं. आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू सांगायलीस म्हनून कळायलंय. उद्या तू दुकानावर गेलीस की ह्यो कागद मला काय सांगंल?"

यावर रागावणारी माणसं मी पाहिली आहेत. नऊ पानांची मेहनत होती, राग आला असता तरी नवल नव्हतं. पण ती पोरगी वेगळी. दुसऱ्या दिवशी तिनं सुट्टी घेतली, आत्याच्या हातात पत्रक दिलं, वही-पेन घेऊन उंबऱ्याशी बसली आणि तोंडातून शब्द काढायचा नाही असं स्वतःला बजावलं. पत्रक करणाऱ्याला याहून अवघड काम नाही. समोर माणूस चुकतोय, आपल्याला उत्तर माहीत आहे आणि तरी गप्प बसायचं.

आत्यानं पहिला फोटो पाहिला. त्यात ओंजळभर गोल, टपोरे दाणे होते. मग तिनंही पोत्यातून तसेच टपोरे दाणे निवडून घेतले. चाचणीचा पायाच तिथं ढासळला, कारण निवडलेले दाणे उगवले म्हणून पोतं उगवेल असं नाही. दुसरा फोटो गोणपाटावर मांडलेल्या दाण्यांचा. स्क्रीनवर तो छान दिसत होता, पण झेरॉक्समध्ये तपकिरी गोणपाट आणि पिवळे दाणे एकजीव होऊन काळा डाग उरला होता. आत्यानं दाण्यांचा ढीग घातला. तिसऱ्या फोटोत गोणपाटाची सुरळी होती. तिनं सुरळी करायला घेतली तर दाणे घरंगळून एका टोकाला गेले. दाण्यांवर दुसरा ओला तुकडा अंथरायचा असतो, ते कुठल्याच फोटोत नव्हतं. फोटो काढताना सुनेनं तो अंथरला होता, पण हाताला सवय असलेल्या कामाचा फोटो काढायचं तिला सुचलं नव्हतं. आणि रोज पाणी शिंपडायचं? ते सातव्या पानावर, अक्षरांत होतं.

वही भरली. त्या वहीतून दुसरं पत्रक झालं.

आधी तिनं फोटो नव्यानं काढले. आत्याचेच हात, वरून सरळ धरलेला मोबाइल, सकाळचं ऊन, आणि एका फोटोत एकच कृती. मागची भिंत, शेळी, बादली सगळं कापून फक्त हात आणि गोणपाट ठेवलं. मग इंकस्केपमध्ये फोटो खालच्या लेयरवर टाकला, अर्धा फिका केला, तो लेयर कुलूपबंद केला आणि वरच्या लेयरवर पेन टूलनं रेघा ओढल्या. हाताची आणि गोणपाटाची कड जाड, दाणे म्हणजे साधी पोकळ वर्तुळं. शेवटी फोटोचा लेयर लपवला, की पांढऱ्यावर काळी स्वच्छ रेघ उरली. अशी रेघ झेरॉक्सच्या झेरॉक्समध्येही टिकते. कृती फिरवण्याची असेल तिथं एकच ठसठशीत बाण, आणि बाण व चित्र ग्रुप करून एक केलेलं, म्हणजे हलवताना बाण मागं राहत नाही.

फोटोंच्या उड्यांचं कारणही तिनं शोधलं. रायटरमध्ये चित्राचा अँकर असतो, आणि तो 'अक्षराप्रमाणे' असा केला की चित्र ओळीतल्या अक्षरासारखं आपल्या जागी राहतं. तिनं बिनरेघांचं दोन रकान्यांचं टेबल घातलं. डावीकडं चित्र, उजवीकडं मोठ्या टाइपात वाक्य. आकडा प्रत्येक चित्राच्या त्याच कोपऱ्यात, गोलात. नक्षी, सावल्या, सूर्य, बैलजोडी सगळं काढलं. वाक्यं घरात बोलतात तशी झाली: "पोत्याच्या वरून, मधून, तळातून मूठ-मूठ घ्या. निवडू नका." "१० दाण्यांची एक ओळ, अशा १० ओळी." "वरून दुसरा ओला तुकडा अंथरा." टाइप युनिकोडमधला घेतला. जुन्या फॉन्टात केलेली फाइल दुसऱ्याच्या कम्प्युटरवर उघडली की मराठीचं भलतंच काही होतं, हे दुकानात ती रोज पाहत होती. पीडीएफ काढली आणि पहिली प्रत मुद्दाम दुकानातल्या सगळ्यात जुन्या मशिनवर मारली. तिथं दिसलं तर सगळीकडं दिसेल.

आता नऊ पानांचं एक पान झालं होतं, सहा चित्रांचं. या वेळी आत्याबरोबर शेजारची एक बाई बसली, नुकतीच कारखान्यावरून परतलेली. दोघींनी बघून बघून शंभर दाणे मांडले, वर ओला तुकडा अंथरला, सुरळी केली, सावलीत ठेवली. सून गप्पच. अडलं ते पाचव्या चित्राशी. तिथं कॅलेंडर काढून सात घरांवर फुल्या मारल्या होत्या.

"ह्ये काय जाळीजाळीचं?" शेजारीण म्हणाली.

"सात दिस ठिवायचं असंल," आत्या म्हणाली. "मग असं सांग की या बाजारी गुंडाळायचं, पुढच्या बाजारी उघडायचं."

कॅलेंडर गेलं. त्या जागी बाजाराची पिशवी आली, पुन्हा पिशवी, आणि मधे सुरळीवर पाणी शिंपडणारा हात. सहाव्या चित्राचं तर आत्यानं रूपच बदललं. सुनेनं तिथं '७० टक्के किंवा जास्त उगवण: पेरणीस योग्य' असं लिहिलं होतं. आत्या म्हणाली, उगवलेले दाणे उचलून पुन्हा दहा-दहाच्या ओळीत लावा, सात ओळी भरल्या की पेरा. सुनेनं तसंच काढलं. कोंब आलेल्या दाण्यांच्या सात भरलेल्या ओळी, खाली तीन रिकाम्या. आकडा ज्याला वाचता येतो त्याच्यासाठी ७० खाली बारीक ठेवला. ओळी सातपेक्षा कमी भरल्या तर बियाणं त्या प्रमाणात वाढवायचं किंवा बदलायचं, हे एका वाक्यात.

मला या सगळ्यात आत्याचं मोल सुनेइतकंच वाटतं. इंकस्केप शिकवणारे व्हिडिओ घरबसल्या मिळतात. सात दिवस म्हणजे बाजार ते बाजार, हे कुठल्याही मेन्यूत सापडत नाही. आणि ते विचारायला उंबऱ्याशी बसावं लागतं.

पुढं शेजारच्या गावातल्या गटानं पत्रक मागितलं. सुनेनं पीडीएफ पाठवली आणि सोबत मूळ फाइलही दिली, म्हणजे त्यांना त्यांच्या गावच्या बोलीत वाक्यं बदलता येतील.

मृगाच्या आधीच्या बाजारी आत्यानं आपल्या दोन्ही पोत्यांच्या सुरळ्या उघडल्या. पहिल्या पोत्याच्या सहा ओळी भरल्या आणि वर दोन दाणे. दुसऱ्याच्या आठ ओळी आणि वर एक. पहिल्या पोत्याचं सोयाबीन आडतीवर विकलं, पेरणी दुसऱ्या पोत्यातून झाली.