आगबोटीवरील भोजन आणि युक्ताहार

रायपूर शहरातून बिलासपूरकडे जाणारा रस्ता भनपुरी नावाच्या वस्तीतून जातो. पूर्वी हे खेडे होते. आज तेथे कारखाने, गुदामे व मालमोटारी यांची दाटी झाली आहे. समुद्र येथून फार दूर. मुंबईस जावयाचे तर आगगाडीने सुमारे ११०० किलोमीटरांचा प्रवास करावा लागतो. अशा ठिकाणी बसून समुद्रावरील भोजनाचा विचार कोणी करावा, याचे वाचकांस नवल वाटेल. परंतु प्रश्न येथेच उत्पन्न झाला, आणि तोही गीतेच्या वाचनात.

भनपुरीतील व आसपासची काही मराठी कुटुंबे एकादशीस एकत्र बसून गीतेचा एक अध्याय वाचतात. गेल्या हिवाळ्यात सहावा अध्याय चालू होता. फार खाणाऱ्यास योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यासही साधत नाही, हा श्लोक आला, तेव्हा एक निवृत्त सद्गृहस्थ मध्येच म्हणाले, "मला याचा अर्थ पुढील महिन्यापुरता सांगा." त्यांच्या मुलाने आईवडिलांच्या विवाहाच्या चाळिसाव्या वर्षानिमित्त मुंबईहून निघणाऱ्या आगबोटीवरील चार दिवसांच्या सहलीची तिकिटे काढून पाठविली होती. भाड्यातच सर्व भोजन अंतर्भूत. सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत काही ना काही मांडलेले असते, असे त्यांनी ऐकले होते. गृहस्थांना बारा वर्षांपासून मधुमेह. पत्नीचे गुडघे दुखतात व वजन कमी करण्यास वैद्यांनी बजावले आहे. न जावे तर मुलगा दुखावतो. जावे तर वर्षभर पाळलेले पथ्य चार दिवसांत बुडते. त्यांची अडचण ही अशी होती.

मंडळींनी तत्काळ दोन उत्तरे दिली. एक म्हणाले, "चार दिवसांनी काय होते? परत आल्यावर दोन एकादश्या कडक करा." दुसरे म्हणाले, "फलाहारावर राहा, प्रश्नच मिटला." दोन्ही उत्तरे आपल्या घराघरांत ऐकू येणारीच आहेत, आणि मला वाटते दोन्ही सारखीच चुकीची आहेत. ज्याची रक्तातील साखर औषधाने उतरविली जाते, त्याने औषध घेऊन अन्न टाळले तर साखर एकाएकी खाली जाऊन भोवळ येते. हा उपवास नव्हे, धोका आहे. आणि आधी भरपूर खाऊन मागाहून उपवासाने ते फेडण्याचा जो व्यवहार आहे, त्यात तर त्या श्लोकाने वर्ज्य केलेली दोन्ही टोके एकाच माणसाने पाळली असे होते! निराहारी मनुष्यापासून विषय दूर होतात, पण त्यांची गोडी मात्र आत उरते, असे दुसऱ्या अध्यायात सांगितलेच आहे. परत आल्यावर करावयाच्या एकादशीच्या भरवशावर जो आज दुसरी वाटी उचलतो, त्याची गोडी त्या एकादशीनेच वाढविली, असे म्हणावे लागेल.

समुद्रप्रवास आणि अन्न यांचा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. मागील शतकांत समुद्र ओलांडणेच निषिद्ध मानीत, आणि त्या निषेधाच्या मुळाशी परक्यांच्या हातचे अन्न हा एक मोठा भाग होता. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मोहनदास गांधी मुंबईहून 'क्लाइड' नावाच्या आगबोटीने विलायतेस निघाले. मातेला मांस न खाण्याचे वचन दिलेले. कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारण्याचे धैर्य नाही, काटेचमचे धरण्याची सवय नाही. म्हणून ते भोजनाच्या मेजावर न जाता आपल्या खोलीतच घरून नेलेली मिठाई व फळे खात राहिले, असे त्यांनी आत्मकथेत लिहिले आहे. पुढे बिस्केच्या उपसागरात थंडीने मत बदलावे लागेल, असे एका इंग्रज सहप्रवाशाने भाकीत केले. ते खरे ठरले नाही. वचन पाळले गेले. पण आहाराच्या दृष्टीने पाहता मुख्यत्वे मिठाईवर काढलेले ते दिवस काही आदर्श म्हणता येणार नाहीत.

हे उदाहरण गांधीजींना उणे दाखविण्यासाठी दिलेले नाही. 'काय खाऊ नये' हे व्रत आणि 'किती खावे' हे व्रत, ही दोन किती वेगळी आहेत, हे त्यावरून दिसते. पहिल्यास एकदा दृढ निश्चय केला की पुरतो. वर्ज्य वस्तू ताटात आलीच नाही की काम झाले. दुसरे मात्र प्रत्येक घासाला नव्याने पाळावे लागते, कारण येथे वस्तू वर्ज्य नाही, निषिद्धही नाही. ती शुद्ध आहे, रुचकर आहे, प्रेमाने किंवा पैशाने आपल्यासाठीच तयार झालेली आहे. १८८८ च्या प्रवाशापुढील अडचण आज जवळजवळ नाहीशी झाली. आपल्या देशातून निघणाऱ्या सहलीच्या आगबोटींवर शाकाहारी भोजनाची उत्तम सोय असते. जे आपल्या पणजोबांना अशक्य वाटे ते सुलभ झाले, आणि मग कळले की अवघड भाग पुढेच होता.

अवघड का? आजवर आपले माप बहुधा दुसऱ्याच कोणाच्या हाती होते. भाऊच्या धक्क्यावरून कोकणात आणि गोव्याकडे जाणाऱ्या जुन्या आगबोटींतील उतारू दशम्या, चटणी, लाडू घरून बांधून नेत. शिदोरी संपली की जेवण संपले; माप गाठोड्यातच बांधलेले असे. घरी ते गृहिणीच्या हातात असते. पंगतीत आग्रह करणारा यजमान असतो खरा, पण त्याला आडवा हात धरून 'पुरे' म्हणता येते. नकार देण्यास समोर कोणी तरी लागतो! ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' ही सहलीची आगबोट सुरू झाली, २०२१ पासून त्याहून मोठी 'एम्प्रेस' मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा सफरींस जाऊ लागली. अशा बोटींवर बुफेच्या लांब रांगेपुढे मनुष्य एकटा उभा असतो. कोणी वाढीत नाही, कोणी आग्रह करीत नाही, कोणी हिशेबही विचारीत नाही. भूक, पैसा, गृहिणी, यजमान, सर्व रक्षक एकदम रजेवर गेलेले. वाऱ्याने पाण्यातील नाव ओढून न्यावी तसे इंद्रियांमागे धावणारे मन बुद्धीला नेते, हा दुसऱ्या अध्यायातील दृष्टांत येथे अक्षरशः आठवतो. फरक इतकाच की येथे नाव स्थिर चालते आणि तिच्यातले प्रवासी वाहून जातात.

येथे एक गोष्ट आडवळणाने सांगितली पाहिजे. भनपुरीच्या कारखान्यांत पाळीवर जाणारा छत्तीसगढी मजूर पुष्कळदा सकाळी बासी खाऊन निघतो: रात्रीचा भात पाण्यात भिजवून ठेवलेला, सोबत मीठ, कांदा, हिरवी मिरची. १ मे २०२२ रोजी छत्तीसगढ शासनाने श्रमिकांच्या सन्मानार्थ 'बोरे बासी' दिवस पाळला, तेव्हा अनेक सुखवस्तू लोकांनीही ती आवडीने खाल्ली. काही लेखक लगेच या बासीला सात्त्विक मिताहार म्हणू लागतात. मला ते पटत नाही. मजुराचे माप त्याच्या मजुरीने ठरविले आहे. ते त्याने निवडलेले नाही. ज्याला निवडता येत नाही त्याला संयमाचे श्रेय देणे हा त्याचा गौरव नसून आपल्या मनाची सोयीस्कर समजूत आहे. युक्ताहाराचा उपदेश ज्याच्या ताटात जास्त आहे त्यालाच करावयाचा असतो.

त्या सद्गृहस्थांची खरी अडचण पुढे बोलता बोलता बाहेर आली. ते म्हणाले, "मला पानात टाकता येत नाही. लहानपणी टाकले तर वडील उठू देत नसत." अन्नास ब्रह्म मानण्याचा हा संस्कार मोठा आहे व तो सुटू नये. पण बुफेच्या ठिकाणी तोच संस्कार मनुष्यास अपाय करतो, हे पाहण्यासारखे आहे. कुतूहलाने आठ पदार्थ घेतले, चार पुरे झाले, आणि उरलेले चार 'टाकू नये' म्हणून पोटात ढकलले, तर अन्न वाचले काय? नको असलेले अन्न केराच्या डब्यात गेले काय किंवा नको असता शरीरात गेले काय, त्याचा अपव्यय झालाच. दुसऱ्या प्रकारात शरीराची हानी अधिक झाली. अपव्यय पान सोडताना होत नाही, तो पळी उचलताना होतो. तेव्हा वडिलांची शिस्त पानाच्या शेवटी नव्हे, पानाच्या आरंभी पाळावी. पैसे भरले आहेत म्हणून ते वसूल करावेत, ही दुसरी ओढ तर त्याहून पोकळ आहे. भाडे देऊन झाले. तिसऱ्या वाटीने त्यातला एक रुपयाही परत येत नाही.

आगबोटीवरच्या उरलेल्या अन्नाचे पुढे काय होते, हेही जाणून असावे. सागरी प्रदूषणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे सामान्यतः किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे गेल्यावर अन्नाचे अवशेष समुद्रात सोडता येतात. बारीक दळलेले असल्यास ३ मैलांपलीकडे. काही समुद्रांना याहून कडक नियम आहेत. म्हणजे आपण पानात टाकलेला भात समुद्राच्या पोटात जाऊ शकतो. तेव्हा कमी घेणे हे केवळ आपल्या वजनासाठी नाही.

आता प्रत्यक्ष माप कोणते? अष्टांगहृदयात वाग्भटाने सांगितले आहे की पोटाचे दोन भाग अन्नाने, एक भाग पेयाने भरावा आणि चौथा वायूसाठी मोकळा ठेवावा. शंकराचार्यांनीही सहाव्या अध्यायाच्या भाष्यात याच अर्थाचे वचन दिले आहे, आणि ज्ञानेश्वर महाराजांनी तर त्या ठिकाणी युक्तीच्या मापाने मोजूनच अन्न घ्यावे असे म्हटले आहे. आधुनिक आहारशास्त्र निराळ्या वाटेने तेथेच येते. पोट भरल्याची जाणीव व्हावयास सुमारे वीस मिनिटे लागतात. भराभर खाणारा त्यापूर्वीच अधिक खाऊन बसलेला असतो. एका पदार्थाने तृप्त झालेली जीभ दुसरी चव दिसताच पुन्हा जागी होते, म्हणून पदार्थांची संख्या वाढली की खाणे वाढते. हे प्रयोगांनी दिसून आले आहे आणि बुफेचे मर्मही तेच आहे. एक ग्रॅम पिष्ट किंवा प्रथिनापासून सुमारे ४ कॅलरी मिळतात, स्निग्धापासून ९, मद्यापासून ७. आपल्या लोकांत चरबी पोटाभोवती लवकर साठते; म्हणून पुरुषाच्या कमरेचा घेर ९० आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरांहून अधिक झाल्यास आपले वैद्य सावध करतात.

या सर्वांवरून त्या गृहस्थांस एवढेच सुचविले, की प्रथम रिकाम्या हाताने सर्व रांग पाहून यावी व मगच लहान थाळी घ्यावी. आरंभी कोशिंबीर, उकडलेली भाजी, डाळ; भात किंवा पोळी मागाहून, आणि दोन्ही नकोत. घरच्या वेळा सोडू नयेत, औषध व जेवण यांची सांगड मोडू नये. गोड पदार्थ दिवसातून एक, तोही दुसऱ्याबरोबर वाटून. सरबते आणि गोड पेये टाळून पाणी किंवा ताक घ्यावे. बोट हलल्याने मळमळ झाली तर पोट अगदी रिकामे ठेवू नये. थोडे कोरडे खाणे व आले बरे. उद्वाहकाऐवजी जिन्याने जावे, सकाळी वरच्या डेकवर फेऱ्या माराव्यात. पत्नीच्या गुडघ्यांना जिने नकोत. त्यांनी सपाट डेकवर चालावे.

ते गेले आणि परत आले. पुढच्या एकादशीस मंडळींनी कुतूहलाने विचारले. स्वतःचे पथ्य त्यांनी नीट पाळले होते; तीन दिवस तर कोणालाही उदाहरण म्हणून सांगावे असे. तिसऱ्या रात्री पत्नीने दुसऱ्यांदा गुलाबजाम घेतला, तेव्हा त्यांनी मेजावरच्या इतर मंडळींदेखत तिला वजनाची आठवण दिली. त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, चाळीस वर्षे मी रांधले, वाढले, आणि उरले ते खाल्ले. आज मला आयते मिळते आहे, तर तुम्ही माझे पान मोजता?" आणि वाटी तशीच सारून उठल्या.

हे सांगताना त्यांचा आवाज खाली गेला होता. ते म्हणाले, "माझ्या ताटात मी काही चुकलो नाही. मग चुकलो कोठे?" कोणी लगेच बोलले नाही. सत्काराच्या आणि मानाच्या इच्छेने केलेल्या तपाला सतराव्या अध्यायात राजस म्हटले आहे, ते मला आठवले. परंतु त्यांच्या पुढे ते बोलणे मला जमले नाही. तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांचा संयम स्वतःसाठी होता. त्या रात्री तो मेजावरच्या लोकांसाठी झाला. शिवाय चाळीस वर्षे त्यांचे माप ज्या हातात होते, त्या हाताचे माप कोणी पाहिले होते? त्या बाईंनी आधी सर्वांना वाढून मागाहून जे खाल्ले, त्यात कधी कमी पडले असेल, कधी 'उरले, टाकायचे कशाला' म्हणून जास्त झाले असेल. वजनाचा उगम तेथेही असू शकतो. गुडघ्यांसाठी पथ्य हवे हे खरेच. पण ते सांगण्याची जागा घरातली, एकांतातली, आणि सांगण्याआधी त्या स्वयंपाकघरातला निम्मा भार उचलावा लागेल.

त्यांनी तो उचलला की नाही, हे मला पाहता आले. माघ महिन्यात काही कामानिमित्त मी सायंकाळी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा ते ओट्यापाशी उभे राहून मुगाची खिचडी हलवीत होते. ती थोडी लागली होती. बाई बाहेर पाटावर बसून वर्तमानपत्र वाचीत होत्या. मला म्हणाल्या, "बसा, जेवूनच जा. आज यांच्या हातचे आहे." गृहस्थांनी तीन पाने घेतली, आणि पहिले पान त्यांच्यापुढे ठेवून विचारले, "किती वाढू?"