फरशीखालचा थर

घरात नवी लाकडी फरशी बसवायची ठरली की चर्चा होते ती रंगाची आणि चौरस फुटाच्या दराची. तिच्याखाली काय जाणार, हे क्वचितच कुणी विचारतं. खालचा कोबा उंचसखल असेल तर त्यावर आधी प्लायवूड बसवतात. त्यासाठी कोबा पूर्ण वाळलेला लागतो. प्लास्टिकचा तुकडा जमिनीला चारही कडांनी चिकटवून दिवसभर ठेवावा. खाली पाण्याचे थेंब दिसले तर ओल आहे. प्लाय साधा एमआर दर्जाचा आहे, की ७२ तास उकळत्या पाण्याची कसोटी लागणारा आयएस ७१० चा, तेही बघावं लागतं. दोन शीटांमध्ये फुगायला दोन-तीन मिलिमीटर फट सोडावी लागते. एकदा वरचा थर बसला की यातलं काहीच दिसत नाही.

मग जे दिसणारच नाही, ते नीट का करायचं?

‘कधीतरी उघडं पडेलच’ हे उत्तर पुरेसं नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं. रस्त्यावरचं पाणी ओसरलेलं सगळ्यांना दिसतं, जमिनीत मुरलेलं दिसत नाही. त्या ओलीवर बसवलेल्या प्लायचे पापुद्रे सुटेपर्यंत मिस्त्री दुसऱ्या गावी गेलेला असतो, कदाचित घरही विकलेलं असतं. भोगतो तिसराच.

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांपुढेही हाच प्रश्न असतो. कास्टिंगच्या पोटातला ब्लोहोल वरून दिसत नाही. म्हणून महत्त्वाच्या कास्टिंगवर हीट नंबर असतो. भाग कुठेही तुटला तरी तो कोणत्या वितळणीतला, हे शोधता येतं. न दिसणाऱ्या गोष्टीला तिथे पत्ता दिलेला आहे. फाउंड्रीतली माणसं सुताराहून जास्त प्रामाणिक आहेत, असा याचा अर्थ नाही. गिऱ्हाईक तो नंबर मागतं आणि त्याचे पैसे मोजतं.

घरी आपण काय मागतो? चौरस फुटाला कमी दर, आणि ‘गणपतीच्या आत झालं पाहिजे’. कोबा वाळण्याच्या दिवसांना आपल्याकडे दर नाही. म्हणजे न दिसणाऱ्या थराचा प्रामाणिकपणा आपण ज्याला तो सगळ्यात कमी परवडतो त्याच्याकडून फुकट मागतो.

यावर कुणी म्हणेल, ओल आहे हे मिस्त्रीला कळतं, मालकाला नाही. मग सांगायला नको? सांगायलाच हवं. जाणणाऱ्याचं ते कर्तव्यच आहे. पण ‘थांबा’ म्हणणाऱ्याचं काम ‘होतंय की’ म्हणणाऱ्याकडे जातं, आणि ते आपणच नेऊन देतो. खरं बोलणं मिस्त्रीचं काम. खरं बोलल्याबद्दल त्याचं काम जाणार नाही, हे बघणं आपलं.

त्यासाठी फार काही लागत नाही. वाळण्याचे दिवस आधीच हिशेबात धरावेत, त्या दिवसांची मजुरी बुडू देऊ नये. वरचा थर बसण्याआधी स्वतः जाऊन बघावं, तारखेसकट फोटो काढावा आणि घर विकताना तो पुढच्या माणसाच्या हाती द्यावा. घराच्या फरशीला हीट नंबर द्यायचा तो असाच.