पन्नासांतील सतरावी प्रत

मुद्राचित्राच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, पेन्सिलीने एक अपूर्णांक लिहिलेला असतो: १७/५०. ह्या ठशाच्या एकंदर पन्नास प्रती काढल्या, त्यांपैकी ही सतरावी, एवढाच त्याचा अर्थ. उजव्या कोपऱ्यात चित्रकाराची सही असते. चेन्नईतील प्रदर्शनांतून हिंडताना आम्ही पुष्कळदा पाहिले आहे की, प्रेक्षक चित्रातील चेहऱ्याकडे क्षणभर पाहतो आणि मग वाकून हा अपूर्णांक वाचू लागतो. खालचा आकडा जितका लहान, तितकी किंमत मोठी. ह्या साध्या व्यवहारात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. जी वस्तू हव्या तितक्या लोकांना देता येण्याजोगी आहे, ती बुद्ध्या थोड्यांनाच द्यावी, हे योग्य आहे काय?

सर्वच मर्यादा कृत्रिम असतात असे नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. तांब्याच्या पत्र्यावर नुसत्या सुईने चित्र कोरले, की रेषेच्या कडेला धातूची बारीक कोर उभी राहते. तीच शाई धरून ठेवते आणि रेषेला मखमलीसारखा मऊपणा देते. दाबयंत्राखाली ही कोर काही डझन प्रतींतच झिजून जाते. तेथे प्रतींची संख्या पत्र्यानेच ठरविलेली असते. चित्रकार ती फक्त लिहून ठेवतो. परंतु आज मर्यादित आवृत्ती म्हणून अनेकदा विकली जाते ती वस्तू निराळी आहे. एखाद्या थोर आधुनिक चित्रकाराने कागदावर रेखाटलेले व्यक्तिचित्र घ्यावयाचे, त्याचे छायाचित्र काढून ते उत्तम कागदावर यंत्राने छापावयाचे, आणि त्या प्रतिकृतीला क्रमांक व प्रमाणपत्र जोडावयाचे. ह्या यंत्राला झीज ठाऊक नाही. एक्कावन्नावी प्रत पन्नासाव्या प्रतीहून तिळमात्र उणी निघाली नसती. ती काढावयाची नाही, असे ठरले म्हणूनच ती निघत नाही.

असे ठरविण्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते हलके लेखू नये. चित्रकारालाही भाडे भरावे लागते. के. सी. एस. पणिकर यांच्या पुढाकाराने १९६६ साली मद्रासजवळ चोळमंडल हे कलाग्राम वसले, तेव्हा तेथील कलावंतांनी बाटिक आणि हस्तकलेच्या वस्तू विकून स्वतःचा चरितार्थ साधला. स्वतःच्या चित्रावर पोट भरणे किती कठीण आहे, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार! कायद्यानेही ही अडचण ओळखली आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली घातलेल्या कलमानुसार, मूळ चित्र वा रेखाटन दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर त्या किमतीत चित्रकाराचा वा त्याच्या वारसांचा दहा टक्क्यांपर्यंत वाटा असू शकतो. शिवाय, 'पन्नासच काढीन' हे एक वचन आहे. वचन पाळण्यासाठी चित्रकार शेवटची प्रत निघाल्यावर ठशावर आडवी रेघ मारून तो बाद करतो. दिलेल्या शब्दासाठी स्वतःच्या हातचे काम निकामी करणाऱ्या माणसाविषयी आम्हांला आदरच वाटतो.

तथापि, वचन पाळणे निराळे आणि असे वचन द्यावे की नाही हा प्रश्न निराळा. ह्या दुसऱ्या प्रश्नाला एक उत्तर ह्याच दक्षिणेतील एका मराठी माणसाने दिलेले आहे. सर टी. माधवराव हे कुंभकोणमला तंजावरी मराठी घराण्यात १८२८ साली जन्मले, मद्रासच्या सरकारी शाळेत शिकले, आणि त्रावणकोर, इंदूर व बडोदे ह्या तीन संस्थानांचे दिवाण झाले. राजा रविवर्मा यांना १८८४ मध्ये त्यांनी लिहिलेल्या पत्राचा आशय असा सांगतात, की तुमची चित्रे आपल्याजवळ असावीत असे वाटणारे लोक पुष्कळ आहेत आणि तुमचे हात दोनच. तेव्हा निवडक चित्रे युरोपात धाडून त्यांचे रंगीत शिळाछाप काढवा, त्यात तुमची कीर्ती तर वाढेलच, पण देशाचीही सेवा घडेल. पुढे रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत स्वतःचाच छापखाना काढला, आणि तो काही वर्षांनी लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथील लक्ष्मी आणि सरस्वती घरोघरच्या देव्हाऱ्यांत जाऊन बसल्या. त्यांच्या कोपऱ्यात अपूर्णांक नव्हता. छापखान्याने रविवर्म्यांना कर्जात लोटले व अखेर तो त्यांना विकावा लागला, हेही तितकेच खरे. औदार्याला हिशेब चुकत नाही, एवढे ह्यावरून कळते. औदार्य चूक होते, असे मात्र ठरत नाही.

दुसरे उदाहरण नंदलाल बोस यांचे. १९३० साली त्यांनी दांडीयात्रेतील गांधीजी लिनोलियमवर कोरले. काळ्या भूमीवर पांढऱ्या रेषा, हाती काठी, पुढे पडलेले पाऊल. ह्या चित्राला माध्यमच असे निवडले आहे, की त्यात एकमेव असण्याचा आग्रह मुळातच संभवत नाही. पुढे भारतीय संविधानाची हस्तलिखित प्रत नंदलाल आणि त्यांचे शिष्य यांनी चित्रांनी सजविली. तिच्यातही दांडीयात्रा आहे. त्या प्रतीच्या सुमारे १००० प्रकाशशिळाछाप प्रती डेहराडून येथील सर्व्हे ऑफ इंडियाने काढल्या. आज त्या दुर्मिळ आहेत आणि जतन करण्याजोग्याही आहेत. परंतु ज्याच्या घरी त्यांतील एकही प्रत नाही, त्याचा मूलभूत हक्क त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. तो ग्रंथ थोड्यांजवळ आहे, त्यातील आशय मात्र सर्वांचा आहे.

आम्ही केंद्र सरकारचे कारकून. आमचे आयुष्य नकलांत जाते. आमच्या टेबलावर जी प्रत 'खरी नक्कल' म्हणून शिक्का घेते, तिचे मोल तिच्या सारख्या किती आहेत ह्यावर ठरत नाही. मुळाशी ती कितपत जुळते ह्यावर ठरते. एखाद्याच्या निवृत्तिवेतनाच्या आदेशाची पाचवी प्रत निघाली, म्हणून पहिल्या चारांचा अधिकार उणावत नाही. हा आमच्या धंद्याचा संस्कार असेल, पण प्रतिकृतीची किंमत दुसऱ्याला ती मिळाली नाही ह्यावर चढावी, हे आमच्या मनाला रुचत नाही.

कारण, नीट पाहिले तर येथे दोन निराळे आनंद एकाच चौकटीत विकले जातात. एक पाहण्याचा आनंद. तो वाटल्याने घटत नाही. शेजाऱ्याच्या भिंतीवर तेच चित्र असले, तर आपल्याला त्याविषयी बोलावयास सोबती मिळतो. दुसरा आनंद, आपल्यापाशी आहे आणि इतरांपाशी नाही, हा. त्याला इतरांचे नसणे आवश्यक असते. हा दुसरा आनंद केवळ धनिकांनाच होतो, असे समजण्याचे कारण नाही; दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात राहणाऱ्या आमच्यासारख्या पगारदारालाही तो होतो, आणि आमच्यात त्याचा अंमल कदाचित अधिकच असेल. मिरविण्याजोग्या वस्तू आमच्याकडे थोड्या असतात. म्हणूनच हा प्रश्न बाजाराच्या नीतीचा आहे, तसाच तो आमच्या मनाच्या नीतीचाही आहे.

यावर कोणी म्हणेल, की सुलभतेने अवज्ञा होते. दिनदर्शिकेवरील चित्र वर्ष सरताच रद्दीत जाते. क्रमांकित प्रत मात्र काचेमागे जपली जाते. आक्षेप खोटा नाही. पण जपणे आणि पाहणे एक नव्हे. उद्या भाव वाढेल ह्या आशेने घेतलेली प्रत उजेडाने फिकी पडू नये म्हणून वेष्टनात गुंडाळून कपाटात ठेवली जाते, आणि तो चेहरा वर्षानुवर्षे कोणाच्या दृष्टीस पडत नाही. उलट, देव्हाऱ्यातील रविवर्म्याच्या लक्ष्मीवर कुंकवाचे डाग पडले, धुराने ती काळवंडली, पण तिच्याकडे रोज कोणीतरी हात जोडून पाहिले. अवज्ञेवरचा उपाय लक्ष देणे हा आहे. टंचाईने तो साधत नाही.

मग क्रमांक पुसूनच टाकावेत काय? आमचे म्हणणे तसे नाही. जेथे चित्रकाराने स्वतः ठसा कोरला, स्वतः शाई लावली, स्वतः कागद उचलला, तेथे क्रमांक त्याच्या श्रमाची नोंद आहे. ती राहावी आणि तिचे मोल त्याला मिळावे. जेथे यंत्राने रेखाटनाची केवळ प्रतिकृती काढली आहे, तेथे तसे स्पष्ट सांगितले जावे. चरितार्थासाठी काही सही केलेल्या प्रती थोड्यांना चढ्या किमतीस विकाव्यात, पण त्याच चित्राची साधी, स्वस्त, बिनक्रमांकाची प्रतही ज्याला हवी त्याला मिळावी. पहिलीतून चित्रकाराचे भाडे निघेल. दुसरीतून त्याची रेषा शाळामास्तराच्या आणि टपालखात्यातल्या माणसाच्या भिंतीपर्यंत पोहोचेल. विकत घेणाऱ्यानेही पैसे मोजण्यापूर्वी एक करून पाहावे: कोपऱ्यातील अपूर्णांकावर क्षणभर बोट ठेवावे आणि उरलेला चेहरा पाहावा. तो एवढ्यावरही घरी न्यावासा वाटला, तर खुशाल न्यावा.